हाव, हिशेब आणि तांदळातले खडे

ऑनलाइन खरेदीत कुणी फसलं की आपल्याकडे निकाल लगेच लागतो. ३,५०० रुपयांचा मिक्सर ७९९ रुपयांत मिळत होता, पैसे भरले, मिक्सर आला नाही. एवढं ऐकलं की ऐकणारा म्हणतो, "पण एवढ्या स्वस्तात कोण देईल? आपल्याला कळायला नको?" यातलं पहिलं वाक्य दुकानाबद्दल आहे आणि दुसरं माणसाबद्दल. बोलणं पुढे सरकतं ते दुसऱ्या वाक्यावरून. दुकानदार कोण होता, जाहिरात कुठे दिसली, पैसे कोणत्या खात्यात गेले, हे सगळं बाजूला पडतं आणि शेवटी दोन शब्द उरतात : हाव नडली.

हा निकाल बरोबर आहे का, एवढाच प्रश्न मला इथे घ्यायचा आहे. तो वाटतो तेवढा किरकोळ नाही. दोष हावेचा ठरला, तर उपाय संयम ठरतो. आणि संयम ज्याचा त्याने पाळायचा असतो, त्यात इतरांना करण्यासारखं काही उरत नाही. दोष दुसरीकडे असेल, तर उपायही दुसरा असणार आणि तो करणारेही दुसरे असणार.

*

आधी ही दुकानं चालतात कशी ते पाहू. वेबसाइट बनवणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे खोटं दुकान उभं करायला किती कमी लागतं याचा अंदाज मला आहे. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, वर्षाला हजारेक रुपयांत मिळतं. 'डॉट शॉप', 'डॉट टॉप' असल्या शेपटांची नावं पहिल्या वर्षी बऱ्याचदा त्याहूनही स्वस्त पडतात. दुकानाचा साचा तयार मिळतो. फोटो आणि वर्णनं खऱ्या कंपनीच्या साइटवरून उचलता येतात. 'आत्ता २३८ जण ही वस्तू बघत आहेत' हा आकडा कोडच्या एका ओळीतून येतो. त्यामागे २३८ सोडा, दोन माणसंही नसतात. 'ऑफर संपायला १४ मिनिटं' असं सांगणारं घड्याळ पान नव्याने उघडलं की परत १५ मिनिटांपासून चालू होतं. मग सोशल मीडियावर पैसे भरून जाहिरात द्यायची. तीही शक्यतो दसरा-दिवाळीच्या तोंडावर, कारण तेव्हा सगळीकडेच सेल लागलेले असतात आणि त्यात आणखी एक सेल कुणाला खटकत नाही.

पैसे आल्यावर दोन मार्ग असतात. पहिला, काहीच पाठवायचं नाही. दुसरा जास्त चलाख : काहीतरी पाठवायचं. स्मार्टवॉचच्या जागी खेळण्यातलं घड्याळ, पैठणीच्या जागी पातळ छापील कापड. कुरिअरच्या नोंदीत पार्सल पोचलेलं असतं. आता भांडण 'पैसे घेऊन पळाले' असं राहत नाही, 'माल पसंत पडला नाही' असं होतं, आणि खोक्यातून खरंच काय निघालं हे सिद्ध करायचं ओझं गिऱ्हाइकावर येतं. काही आठवड्यांत साइट बंद होते आणि तोच साचा दुसऱ्या नावाने उघडतो.

ही दुकानं ओळखायच्या खुणा आहेत. सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करायला हवा. ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या कुलपाच्या चित्रावर अनेकांचा भरवसा असतो. ते कुलूप इतकंच सांगतं की तुमचं आणि साइटचं बोलणं तिसऱ्याला मधल्या मध्ये वाचता येत नाही. पलीकडे कोण बसलंय, याबद्दल ते काहीच सांगत नाही. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र २०१५ च्या अखेरीपासून फुकट मिळू लागलं आणि चोरांच्या साइटवरही कुलूप दिसू लागलं. गूगलने २०२३ साली क्रोममधून ते चित्रच काढून टाकलं, कारण लोक त्याचा अर्थ 'ही साइट विश्वासाची आहे' असा घेत होते. कुलूप मजबूत असेलही, पण घर चोराचं असेल तर ते त्याच्याच उपयोगाचं.

खऱ्या खुणा वेगळ्या आहेत. साइटचं नाव उजवीकडून वाचावं. पहिल्या तिरप्या रेषेच्या आधीचं शेवटचं टिंब शोधायचं. त्याच्या लगेच डावीकडे जे नाव असतं ते मालकाचं, त्याच्याही डावीकडचा मजकूर कुणालाही हवा तसा लिहिता येतो. म्हणजे आधी एखाद्या प्रसिद्ध ब्रँडचं नाव, मग टिंब, मग 'दिवाळी-सेल', मग टिंब आणि 'शॉप' असं असेल, तर दुकान त्या ब्रँडचं नाही, 'दिवाळी-सेल' नावाच्या कुणाचं तरी आहे. (शेवटी 'डॉट को डॉट इन' अशी जोडशेपूट असेल, तर ती अख्खी शेपूट धरावी.) डोमेन कधी घेतलं त्याची तारीख 'हू इज' या सार्वजनिक नोंदीत पाहता येते, 'वीस वर्षांची परंपरा' सांगणारं दुकान तीन आठवड्यांपूर्वी जन्मलेलं असू शकतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार साइटवर कंपनीचं कायदेशीर नाव, पत्ता, ग्राहकसेवेचा संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव देणं बंधनकारक आहे. त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. खोट्या दुकानावर बहुतेक वेळा एक फॉर्म असतो, नाहीतर फुकटचा ईमेल पत्ता. 'आमच्याविषयी' या पानावरचं एखादं वाक्य उचलून शोधलं, की तेच वाक्य वेगवेगळ्या नावांच्या कैक दुकानांवर सापडतं. आणि पैसे कसे मागतायत ते बघावं. कार्डाने दिलेल्या पैशांवर बँकेकडे हरकत घेता येते. यूपीआयने थेट एखाद्याच्या खात्यात धाडलेले पैसे परत बोलावता येत नाहीत. मोठी सूट आणि फक्त क्यूआर कोडने पैसे, ही जोडी दिसली तर तिथेच थांबावं.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ही यादी मी बऱ्याचदा टाकली आहे. "बघ गं, हे खरं आहे का?" असं म्हणून लिंका माझ्याकडे येतात, आणि दहातल्या बहुतेक वेळा दोन मिनिटांत उत्तर देता येतं. पण ही दोन मिनिटं स्वस्त नाहीत. इंग्रजी वाचता येणं, साइटचा पत्ता कसा रचलेला असतो ते माहीत असणं, लॅपटॉप समोर उघडा असणं, हे सगळं त्यांत गृहीत आहे. ते मला माझ्या शिक्षणातून आणि नोकरीतून मिळालं आहे. त्यात माझ्या निर्लोभीपणाचा काडीचाही वाटा नाही.

*

मिक्सरचं उदाहरण मी हवेतून घेतलेलं नाही. आमच्याच इमारतीत पोळी-भाजीचे डबे देणाऱ्या एक काकू आहेत. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात त्यांच्या मिक्सरची मोटर जळाली. फराळाच्या ऑर्डरी घेतलेल्या, दुरुस्तीवाला सांगतो चार दिवसांनी या. त्यात फोनवर ती जाहिरात आली. काकूंनी विचारच केला नाही असं नाही. आदल्या वर्षी एका ओळखीच्या मोठ्या साइटच्या सेलमध्ये त्यांनी २,००० रुपयांचा कुकर ९०० रुपयांना घेतला होता आणि तो अजून उत्तम चालतो. त्या अनुभवावरून त्यांनी अंदाज बांधला. तीनशे पन्नास डब्यांचा हिशेब डोक्यात ठेवणारी ही बाई आहे. ७९९ रुपये भरताना तिला फुकटची चैन नको होती, धंदा बंद पडायला नको होता.

याला हाव म्हणायचं असेल तर काटकसर कशाला म्हणायचं? मला वाटतं हाव म्हणजे गरजेपलीकडचं हवं असणं, किंवा दुसऱ्याच्या वाट्याचं आपल्याला हवं असणं. दुप्पट पैशांच्या योजनेत आयुष्याची पुंजी घालणाऱ्याबद्दल कदाचित हा शब्द वापरता येईल, तोही जपून. लागणारी वस्तू कमी पैशांत मिळावी अशी इच्छा हा आपल्याकडे आजवर गुण मानला गेलाय. मंडईत चार गाळे फिरून भाव विचारणाऱ्या माणसाला आपण हावरा म्हणत नाही.

आणि काकूंना तो मिक्सर मिळाला असता तर? मग हीच गोष्ट त्यांनी ग्रुपवर सांगितली असती आणि खाली 'लिंक पाठवा ना' अशी रांग लागली असती. निर्णय तोच, माहिती तेवढीच, हेतूही तोच. फरक फक्त पुढे जे घडलं त्यात, आणि ते काकूंच्या हातात नव्हतं. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ साली या कोड्यावर लिहिलं. आपण म्हणतो की माणसाला त्याच्या हातात असलेल्या गोष्टींसाठीच जबाबदार धरावं, पण प्रत्यक्षात त्याची किंमत ठरवतो ती निकालावरून, आणि निकालात नशिबाचा भाग असतो. याला ते नैतिक नशीब म्हणतात. ज्याच्या बाबतीत फासा बरा पडला तो हुशार, ज्याच्या बाबतीत वाईट पडला तो हावरा.

याचं एक मोठं उदाहरण आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये नोएडातल्या रिंगिंग बेल्स नावाच्या कंपनीने 'फ्रीडम २५१' नावाचा स्मार्टफोन २५१ रुपयांत देऊ केला. नोंदणीच्या पहिल्याच दिवशी गर्दीने साइट कोलमडली. नुसत्या सुट्या भागांचाच खर्च याच्या कितीतरी पट होतो, हे मोबाइल उद्योगातली माणसं तेव्हाच सांगत होती. पुढच्या वर्षी कंपनीच्या संस्थापकाला एका वितरकाच्या फसवणुकीच्या तक्रारीवरून अटक झाली. त्या फोनसाठी नोंदणी करणाऱ्यांची आपण भरपूर थट्टा केली. पण त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं आणि महिनोन्‌महिने फोन आणि इंटरनेट चक्क फुकट मिळालं. अशक्य वाटणाऱ्या दोन गोष्टी एकाच वर्षात आल्या. एक फसवी निघाली, दुसरी खरी. सिमसाठी रांगेत उभं राहिलेल्यांना कुणी हावरं म्हटलं नाही. 'अतिस्वस्त दिसलं की समजा खोटं' हा नियम पाळणारा माणूस २०१६ साली निम्म्या वेळा चुकला असता.

अतिस्वस्त म्हणायला मूळ किंमत माहीत असावी लागते, आणि ती माहीत होऊ नये अशीच व्यवस्था सगळीकडे झाली आहे. खोडलेली एमआरपी आणि तिच्या शेजारी ६५ टक्के सूट, असं पान चांगल्या साइटवरही रोज दिसतं. त्या एमआरपीला ती वस्तू कधी कुणी विकत घेतली होती का, हे आपण विचारत नाही. खोटी घाई करणारी घड्याळं आणि शेवटच्या पायरीवर हळूच वाढणारी किंमत हे प्रकार चोरांपुरते राहिले असते, तर केंद्र सरकारला नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी करून त्यांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढावी लागली नसती. ज्या भाषेत चोर बोलतो ती भाषा गिऱ्हाइकाला आधी सज्जनांनीच शिकवलेली असते. खोटं दुकान काही वेगळं दिसत नाही. ते अगदी दुकानासारखं दिसतं, हीच त्याची ताकद.

*

इथवर मी फसलेल्या माणसाची बाजू मांडली. पण माझ्या यादीची खरी अडचण मला त्यानंतर कळली, आणि ती फसलेल्यांबद्दल नाही, फसवत नसलेल्यांबद्दल आहे.

सोलापूरकडच्या एका गावातल्या बचत गटाची शेंगाचटणी माझ्या एका मैत्रिणीने मागवली होती. गटातल्या एकीच्या मुलाने साइट बनवून दिलेली. मी ती सवयीने यादीत घालून पाहिली. डोमेन दोन महिन्यांपूर्वीचं. पत्त्यात फक्त गाव, तालुका, जिल्हा. तक्रार निवारण अधिकारी वगैरे काही नाही, नुसता व्हॉट्सॲप नंबर. पैसे एका बाईच्या स्वतःच्या यूपीआयवर. इंग्रजीच्या चुका. एकही अभिप्राय नाही. माझ्या यादीने चटणीवाल्या बायांना चोर ठरवलं. उलट मिक्सरच्या त्या दुकानाचं इंग्रजी निर्दोष होतं आणि 'माल परत करण्याचं धोरण' तीन पानी होतं.

म्हणजे ज्या खुणांना आपण फसवणुकीच्या खुणा म्हणतो, त्यांतल्या बऱ्याचशा नवखेपणाच्या आणि गरिबीच्या खुणा आहेत. माझ्या क्षेत्रात याला फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतात : गाळणी लावली चोरासाठी आणि अडकला साव. गाळणी किती बारीक ठेवायची हा वरवर तांत्रिक निर्णय असतो, पण त्यातच ठरतं की चुकीची किंमत कुणी मोजायची. भोकं मोठी ठेवली तर काकू मोजतात, बारीक ठेवली तर चटणीवाल्या बाया मोजतात. मोठ्या साइटला दोन्हीकडून फायदा, कारण घाबरलेलं गिऱ्हाईक शेवटी तिच्याकडेच जातं. काकूंना मी या चटणीबद्दल सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नको गं बाई, आता अनोळखी कुणाकडून काही नको." ७९९ रुपयांचं नुकसान काकूंचं झालं होतं. त्यांच्या या वाक्याचं नुकसान सोलापूरकडच्या एका गावात झालं, आणि तिथे कुणाला ते कधी कळणारही नाही.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७० च्या एका गाजलेल्या निबंधात नेमकं हे मांडलं आहे. पुढे २००१ साली त्याला जे नोबेल विभागून मिळालं, त्यामागे हा निबंध होता. त्याचं म्हणणं असं की अप्रामाणिकपणाची किंमत फसलेल्याच्या नुकसानीपुरती नसते. गिऱ्हाइकाला खरं-खोटं ओळखता येत नसेल, तर प्रामाणिक माणूस बाजारातून हाकलला जातो, आणि ही किंमत जास्त मोठी असते. गंमत म्हणजे त्या निबंधात एक उदाहरण भारतातलं आहे. तांदळात त्याच रंगाचे, त्याच आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात आणि घरातल्या बाईला ते निवडून काढावे लागतात, असं तो लिहितो.

इंग्रजीत हे एक साधं निरीक्षण आहे. मराठीत त्याला एक जास्तीचा अर्थ येतो, कारण आपल्याकडे 'निवडणं' हा शब्द दोन्हींसाठी आहे. पसंत करणं म्हणजेही निवडणं आणि खडे वेचून काढणं म्हणजेही निवडणं. बाजार आपल्याला सांगतो की तुम्हाला निवड दिली आहे, लाखो वस्तूंमधून निवडा. प्रत्यक्षात ताट पुढ्यात घेऊन, मान मोडेस्तोवर खडे निवडायचं काम दिलेलं असतं. या कामाचे पैसे मिळत नाहीत, ते मोजलं जात नाही, आणि एखादा खडा दाताखाली आला की दोष निवडणाऱ्या बाईला लागतो. ज्याने तो मिसळला त्याला नाही.

*

मग खडे कुणी निवडायचे?

कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणाचं नाव कंटकशोधन आहे, म्हणजे काटे काढणं. त्यात एक प्रकरण व्यापाऱ्यांपासून प्रजेचं रक्षण करण्याबद्दल आहे. वजनं-मापं आणि मालातली लबाडी यांचा त्यात विचार केला आहे. ते राज्य आपल्याला परत हवं आहे असं मुळीच नाही. पण बाजारातले काटे हा गिऱ्हाइकाच्या सद्गुणांचा प्रश्न नसून व्यवस्थेच्या कर्तव्याचा आहे, ही समज आपल्याकडे जुनी आहे एवढंच दाखवायचं आहे.

आजची व्यवस्था हे कर्तव्य कसं वाटते? रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक सांगतं की बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना खात्यातून परस्पर पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर नुकसानीचा भार पडत नाही. पण हे अनधिकृत व्यवहारांसाठी आहे. काकूंनी पिन स्वतः टाकला होता. चोराने खात्यात हात घातला तर तुम्ही पीडित. चोराने तुमच्याच हाताने पैसे काढून घेतले तर तो तुमचा व्यवहार. 'कळायला नको?' हा शेजाऱ्यांचा प्रश्न इथे नियमाच्या भाषेत येतो.

ही रेघ निसर्गाने आखलेली नाही. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून, माणसाने फसून स्वतः दुसऱ्याच्या बँक खात्यात पैसे पाठवले असले तरी बँकांनी ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई द्यायची, असा नियम झाला आहे. ती रक्कम पैसे पाठवणारी आणि पैसे स्वीकारणारी अशा दोन्ही बँकांनी निम्मी-निम्मी सोसायची. चोराचं खातं ज्या बँकेने उघडलं तिचाही यात भाग आहे, हे त्यात मान्य केलेलं आहे. यावर आक्षेप आहे, आणि तो पोकळ नाही : भरपाईची खात्री असेल तर लोक बेफिकीर होतील, खोटे फसलेलेही उगवतील. म्हणून तिथे घोर निष्काळजीपणाचा अपवाद ठेवला आहे आणि १०० पौंडांपर्यंतची रक्कम ग्राहकाच्या माथी टाकायची मुभाही बँकांना आहे. भार वाटायचा ठरवला तर तो वाटता येतो, एवढं यावरून दिसतं.

आणि जाहिरात दाखवणारे? आपल्या आयटी कायद्याचं कलम ७९ मध्यस्थांना संरक्षण देतं. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी, पुरेशी काळजी घेतली असेल तर, त्यांना दोषी धरता येत नाही. लोकांच्या गप्पांच्या बाबतीत हे योग्यच आहे. पण पैसे घेऊन दाखवलेली जाहिरात ही गप्पा नव्हे. काकूंचा मिक्सर जळाल्याच्या आठवड्यात त्यांना मिक्सरचीच जाहिरात दिसते, इतकं बारकाईने गिऱ्हाईक ओळखणाऱ्या यंत्रणेला जाहिरातदार तीन आठवड्यांपूर्वी जन्मलेला आहे हे ओळखता येत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. मला दोन मिनिटांत जे दिसतं ते त्यांना दिसत असणारच. तरीही नवं डोमेन म्हणून थेट बंदी नको. त्यात परत चटणीवाल्या बाया अडकतील. नव्या दुकानाने रोज हजारो रुपयांची जाहिरात करायची असेल तर माल आणि पत्ता आधी दाखवावा, एवढी अट पुरे. बचत गट तेवढी जाहिरात करतच नाही.

कांटने १७८५ च्या आपल्या नीतिशास्त्रावरच्या पुस्तकात एका दुकानदाराचं उदाहरण दिलं आहे. तो सगळ्यांना एकच भाव लावतो, त्यामुळे लहान मूलही त्याच्याकडून इतरांइतक्याच निर्धास्तपणे खरेदी करू शकतं. कांटला तिथे वेगळाच मुद्दा मांडायचा आहे : दुकानदार हे कर्तव्य म्हणून करतो की धंद्याच्या सोयीसाठी? पण मला त्यातलं मूल जास्त महत्त्वाचं वाटतं. आपणही पोराच्या हातात पैसे देऊन कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पाठवत आलो. त्या पोराला वजन-माप कळत नव्हतं आणि कळायची गरजही नव्हती. बाजार चांगला आहे की नाही, याची कसोटी तिथलं सर्वांत चतुर गिऱ्हाईक किती वाचतं ही नसावी. सर्वांत भाबडं गिऱ्हाईक किती सुरक्षित आहे, ही असावी.

*

हे सगळं होईपर्यंत आपण काय करायचं? खुणांची यादी मी टाकून दिलेली नाही, पण तिच्या वर आता एक प्रश्न लिहिते : बाकीचे पैसे कोण देतंय?

३,५०० चा मिक्सर ७९९ ला मिळत असेल तर उरलेले २,७०१ रुपये कुणीतरी दिलेच पाहिजेत. जिओच्या वेळी उत्तर होतं; एका अवाढव्य कंपनीचं भांडवल आणि बाजार काबीज करायची तिची इच्छा. कुकरच्या वेळीही उत्तर असेल. जुना साठा, किंवा फुगवलेली एमआरपी. मिक्सरवाल्या दुकानाकडे उत्तरच नव्हतं. या प्रश्नाला इंग्रजी लागत नाही, लॅपटॉप लागत नाही. आणि तो गरीब विक्रेत्यावर अन्याय करत नाही, कारण खरा लहान विक्रेता अतिस्वस्त असूच शकत नाही. त्या बचत गटाची चटणी वाण्याकडच्या पाकिटापेक्षा महाग होती. मी फोन करून विचारलं तेव्हा पलीकडच्या बाईंनी शेंगदाण्याचा भाव, उखळात कुटायची मजुरी आणि कुरिअरचा खर्च एका दमात सांगितला, वर म्हणाल्या, "पंधरा दिवसांत संपवा, नंतर खवट लागंल." आपल्या मालाचा दोष इतक्या सहज सांगणारं माणूस चोर असण्याची शक्यता कमी. जो चोर फक्त वीस टक्केच सूट दाखवतो तो या प्रश्नात सापडणार नाही हे खरं. त्याच्यासाठी बाकीच्या खुणा आहेतच.

हा प्रश्न एकदा विचारायची सवय लागली की तो खोट्या दुकानांपाशी थांबत नाही, हेही सांगायला हवं. दहा मिनिटांत घरी येणारी कोथिंबीर, दीडशे रुपयांचा कुर्ता, इथेही बाकीचे पैसे कुणीतरी देत असतं. तिथली उत्तरं शोधायला आपण फारसे उत्सुक नसतो.

शेवटचा मुद्दा हाव या शब्दाचा. काकूंनी मला हे सगळं सांगितलं ते पैसे गेल्यानंतर तीन आठवड्यांनी. मी विचारलं, लगेच का नाही बोललात? म्हणाल्या, "वाटलं, तू म्हणशील काकूला हाव सुटली." १९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. तिथे लगेच कळवलं तर पैसे ज्या खात्यात पोचलेत तिथेच ते गोठवता येण्याची शक्यता असते. उशीर झाला की ते पुढच्या खात्यात, तिथून आणखी पुढच्या खात्यात जातात. म्हणजे हाव हा शब्द नुसता अन्यायाचा नाही, तो चोराच्या उपयोगाचा आहे. पळायला त्याला जो वेळ लागतो तो आपण शेजारीपाजारी त्याला मिळवून देतो, कारण आपल्या धाकाने फसलेलं माणूस गप्प बसतं.

तेव्हा कुणी येऊन असं काही सांगितलं, तर 'एवढ्या स्वस्तात कोण देईल' हे वाक्य गिळावं. ते त्या माणसाला एव्हाना कळलेलं असतं. पैसे कधी गेले, किती वाजता, कोणत्या ॲपवरून, एवढं विचारावं आणि फोन हातात घेऊन त्याच्या शेजारी बसावं. नंबर लागायला वेळ लागतो.